वजाबाकीतला ‘वजा’ आणि विनंतीवजातला ‘वजा’ एकच का?

रावपुरेकर:
नमस्कार मंडळी, एक शब्द डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारते. आम्ही बडोद्याचे, घरात मराठी, बाहेर गुजराती, आणि मुलगी तिसरीत आहे, गुजराती मिडियमला. शाळेत ती ‘बादबाकी’ शिकते, आजीकडे बसली की तेच गणित ‘वजाबाकी’ होतं, आणि मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावला की ‘घटाना’. तीन ठिकाणी तीन शब्द हे तिच्या अंगवळणी पडलंय, त्यात काही अडत नाही. अडलं वेगळ्याच जागी. मराठी वाचायची सवय राहावी म्हणून तिला रोज गोष्टीचं पुस्तक थोडं थोडं वाचायला लावते, त्यात ‘झोपडीवजा घर’ असं आलं, आणि तिने सरळ विचारलं की घरातून झोपडी काढून टाकली का? मी सांगितलं, इथे वजा म्हणजे सारखं, झोपडीसारखं घर. मग तिचा पुढचा प्रश्न, एकच शब्द काढून टाकायला पण आणि सारखं म्हणायला पण कसा?

नंतर आठवत बसले तर असे कितीतरी निघाले, विनंतीवजा सूचना, धमकीवजा पत्र, इशारावजा, कादंबरीवजा, आणि दुसऱ्या बाजूला वजा जाता, वजावट, वजाबाकी. हे दोन वेगळे शब्द आहेत आणि योगायोगाने सारखे दिसतात, की मुळात एकच? आणि हा शब्द संस्कृतातून आलाय की बाहेरून? कमी करण्यासाठी उणे, घट, तूट, कपात, सूट एवढे शब्द घरात असताना शाळेच्या गणितात वजाच का बसला हेही कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

सुरसागरकाठी:
मला वाटतं हे हिंदीतलं ‘वजह’ असणार. ‘की वजह से’ म्हणतात ना तेच. वजह म्हणजे कारण, प्रकार, त्यावरून ‘त्या प्रकारचं’ झालं असेल. वजाबाकीचं मात्र माहीत नाही, जाणकारांनी सांगावं.

लष्करकर_ग्वाल्हेर:
रावपुरेकर ताई, प्रश्न फार आवडला. मी ग्वाल्हेरची, आमच्या लष्कर भागात जुन्या मराठी घरांमधे उर्दू जाणणारी माणसं होती, माझ्या आजोबांनी मला ही लिपी शिकवली, त्यामुळे या शब्दावर थोडं सांगू शकते.

आधी वजहचं बघू. वजह आणि वजा हे अरबीत दोन निराळे शब्द आहेत, देवनागरीत आले की सारखे वाटतात एवढंच. वजहमधे जीम हे अक्षर आहे, त्याचा मूळ अर्थ चेहरा, मग बाजू, मग कारण. आपला वजा आहे तो वज़्अ, त्यात ज़ाद आणि शेवटी ऐन. अरबी-फारसीत ज़ सारखी चार अक्षरं आहेत, ती सगळी मराठीत येऊन ‘ज’ झाली. हजर, जमीन, जाहीर, जिम्मा, या चार शब्दांत मूळ चार वेगवेगळी अक्षरं आहेत, आपण लिहिताना एकच ज लिहितो. म्हणून नुसतं मराठी स्पेलिंग बघून मूळ शोधायला गेलं की फसगत होते.

आता वज़्अचा अर्थ. ठेवणे, खाली ठेवणे, मांडणे, बस एवढाच. यातूनच तुमचे दोन्ही वजा निघालेत. एखाद्या ढिगातून काही उचलून बाजूला खाली ठेवलं की ढीग तेवढा कमी झाला. उर्दूत आजही म्हणतात, तनख़्वाह में से वज़ा कर लेना, म्हणजे पगारातून कापून घेणं. हाच आपला वजाबाकीतला वजा. आणि दुसरी फांदी अशी की वस्तू कशी ठेवलीय, कशी मांडलीय, त्यावरून तिची ठेवण, आकार, ढब. उर्दूत वज़ा म्हणजे माणसाची राहणी, वागण्याची रीत. ‘बड़े वज़ादार आदमी थे’ असं आमच्याकडे आजही जुनी माणसं बोलतात, म्हणजे आपली रीत न सोडणारे. कपड्यांच्या ढबीला वज़ा-क़ता म्हणतात. मराठीने हा अर्थ शब्दाच्या मागे जोडून वापरला, झोपडीवजा म्हणजे झोपडीच्या ठेवणीचं. विनंतीवजा सूचना म्हणजे सूचनाच, पण विनंतीच्या रूपात. आपल्या ‘ठेवण’ शब्दात पण हेच झालंय बघा, ठेवणे वरून ठेवण, आणि ठेवण म्हणजे चेहऱ्याची घडण, त्यामुळे मराठी माणसाला हे समजायला काही जड जाऊ नये.

याच धातूचं गोत मोठं आहे. उर्दूत बाळंत होण्याला वज़ा-ए-हमल म्हणतात, पोटातलं ओझं खाली ठेवणं. खातिर-तवाज़ो मधला तवाज़ो हाही यातलाच, स्वतःला खाली ठेवणं म्हणजे नम्रता, त्यावरून पाहुण्यांचं आगतस्वागत (लोक त्याला ‘खातिर-तवज्जो’ करून टाकतात, तो वेगळा शब्द आहे). मौज़ू म्हणजे पुढे मांडलेला विषय. आणि सगळ्यात ओळखीचा म्हणजे मौजा, ठेवण्याची जागा, मग ठिकाण, मग गाव. इथे मध्य प्रदेशात पटवाऱ्याच्या कागदात मौजा असतं, तिकडे महाराष्ट्रात दस्तात ‘मौजे अमुक, तालुका तमुक’ लिहितात. त्यातला मौजे आणि वजाबाकीतला वजा एकाच घरचे.

रावपुरेकर:
किती छान उलगडून सांगितलंत ताई, खरंच. आमच्याकडे गुजराती दस्तावेजात पण ‘मोजे’ असतं, मोजे गोत्री, मोजे अकोटा, आमच्या घराच्या कागदात पण आहे. मला आजवर वाटायचं ते मोजणीवरून आलंय, जमीन मोजतात म्हणून. सासऱ्यांना दाखवलं तर ते पण चकित झाले.

बाकीचा प्रश्न तसाच आहे मात्र, गणितात हाच का बसला?

मोडीवेडा:
त्याचं कारण दप्तर, म्हणजे जुन्या कचेऱ्यांतले कागद. मी मोडी वाचतो, बडोद्यात कोठीच्या दप्तरात गायकवाडी अंमलाचे कागद आहेत तसे पुण्याला पेशवाईचे आहेत, होळकर-शिंद्यांचे आहेत, आणि सगळीकडे जमाखर्चाची भाषा साधारण एकच. जमा अरबी, खर्च अरबी-फारसी, बाकी अरबी, रक्कम, हिशेब, तारीख सगळे तिकडचे. सुलतानांच्या काळात महसुलाचा कारभार फारसीत चालायचा आणि लिहिणारे कारकून पुष्कळ ठिकाणी आपलेच, त्यांच्या लेखणीतून हे शब्द मराठीत उतरले आणि पक्के बसले. एकूण रक्कम मांडायची, तीतून जे जायचं ते वजा म्हणून दाखवायचं, उरेल ती बाकी. वजा आणि बाकी या हिशेबाच्या दोन पायऱ्या आहेत, त्या दोन्ही जोडून क्रियेचं नाव झालं वजाबाकी. गुजरातीने तेच केलं, फक्त पहिली पायरी ‘बाद’ घेतली. बाद म्हणजे अरबी ब‍अद, नंतर, त्याच्यानंतरचं, म्हणून वगळलेलं. मराठीत पण बाद आहेच, फलंदाज बाद होतो, मत बाद होतं, पण हिशेबात आपण त्याला मुख्य जागा दिली नाही.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. शाळेतल्या चार क्रियांत बेरीज आणि वजाबाकी हे दप्तरातले फारसी-अरबी शब्द आहेत, गुणाकार आणि भागाकार मात्र संस्कृत. माझ्या मते याचं कारण सरळ आहे, मिळवणं आणि वजा करणं हे रोज कचेरीत, दुकानात, गावच्या कुळकर्ण्याकडे चालायचं, तिथली भाषाच शाळेत आली. गुणाकार-भागाकाराला पाठशाळेतल्या गणिताचं नाव चालून गेलं.

शिवाजी महाराजांनी १६७७ च्या सुमारास रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय द्यायला. अष्टप्रधानांची नावं त्या धोरणातून संस्कृत झाली, पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य. पण हिशेबाच्या वहीतले शब्द हलले नाहीत. पद बदलता येतं, पण वहीत जो शब्द रोज शेकडो हात लिहितात तो फर्मानाने बदलत नाही.

बडोद्याचं म्हणाल तर या विषयात आपलं गाव मागे नव्हतं. सयाजीरावांच्या कारकिर्दीत १९३१ साली श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू निघाला, कारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश, त्यात मराठी-गुजरातीबरोबर उर्दू, फारसी, बंगाली सुद्धा. आणि फार्शी-मराठी कोश (१९२५) ज्यांनी केला ते माधव जूलियन बडोद्यातच जन्मले, १८९४ साली. कवी म्हणून सगळे ओळखतात, कोशकार म्हणून त्यांची आठवण कमी काढली जाते याचं मला वाईट वाटतं, कारण असल्या प्रश्नाला पहिलं उघडावं असं ते पुस्तक आहे. ज्यांना जमेल त्यांनी मोल्सवर्थचा १८५७ चा कोशही ऑनलाइन बघावा, शब्दापुढे कंसात मूळ भाषेची खूण असते, त्यामुळे अरबी कोणता, फारसी कोणता, संस्कृत कोणता ते पटकन कळतं.

इंदूरी_राजवाडा:
वाह, काय धागा आहे. इंदूरहून नमस्कार. वजा परदेशी निघाला, मग आपला कोणता, तर उणे. संस्कृत ऊन म्हणजे कमी. न्यून हा पण नि आणि ऊन मिळून, त्यावरून न्यूनगंड. आता उणे गणितात मागे पडला असं वाटतं, हवामानात फक्त उरलाय, उणे पाच अंश वगैरे, पण खरं तर तो आपण दिवसभर बोलत असतो, फक्त ओळखत नाही.

एकोणीस घ्या. एक, ऊन, वीस. वीसला एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास सगळे तसेच, प्रत्येक आकड्याच्या पोटात एक वजाबाकी आहे. मराठीने हे एकोणनव्वदपर्यंत नेलं, पुढे नव्याण्णवला सोडलं. हिंदीत उन्नीस, उनतीस करत उनासीपर्यंत ऊन आहे पण ८९ ला नवासी होतं, तुमच्या गुजरातीत पण ओगणीस, ओगणत्रीस करत जातात आणि ८९ ला नेव्याशी. म्हणजे या तिघांत ऊन सगळ्यात लांबपर्यंत मराठीनेच जपलाय. पोरांना एकोणसाठ म्हणजे एकोणपन्नासच्या जवळचा की साठच्या, हा घोळ नेहमी होतो, त्यांना ऊन सांगितलं की घोळ मिटतो, मी ट्यूशनच्या मुलांना हेच सांगते.

आणि घड्याळ! पाऊण म्हणजे पाद आणि ऊन, पादोन, एक पाव कमी. पावणेतीन वाजले म्हणजे तीनला पाव कमी. सव्वा आणि साडे मधे मिळवणं आहे, पावणे मधे उणं करणं. उणापुरा महिना झाला म्हणतो त्यात तर उणा समोरच उभा आहे. इकडे हिंदीत ‘औने-पौने दाम में बेच दिया’ म्हणतात, म्हणजे पडेल भावात विकलं, त्यात पण ऊन आणि पादोन दोघे आहेत. इंदूरच्या मराठीत आम्ही सर्रास म्हणतो, त्याने प्लॉट औनेपौने काढून टाकला. पुण्याच्या पाहुण्यांना ते कळत नाही, पण शब्द तर दोन्हीकडचा एकच आहे.

हिशेबनीस_अलकापुरी:
मी टॅक्सचं काम करतो, अलकापुरीत ऑफिस आहे, क्लायंट अर्धे मराठी अर्धे गुजराती. या शब्दांचा आमच्या कामात रोज गोंधळ होतो म्हणून लिहितो. मराठीत वजावट, सूट आणि कपात हे तीन शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात पण कामात ते तीन वेगळ्या पायऱ्यांवर येतात. वजावट मिळते ती उत्पन्नातून, म्हणजे टॅक्स काढायच्या आधी रक्कम कमी होते. नव्या करपद्धतीत पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट आहे, जुन्या करपद्धतीत बचतीवरची (लोक जिला ८०सी म्हणतात ती) दीड लाखापर्यंत. करात सूट म्हणजे टॅक्स काढल्यावर त्यातून माफ होतं ते. कपात म्हणजे तुमच्या हातात पैसे यायच्या आधीच कोणीतरी कापून सरकारात भरले, टीडीएस. लोक येऊन म्हणतात माझी कपात करून द्या, त्यांना हवी असते वजावट. ज्याची कपात झालीय त्याला तर रिफंड मागायचा असतो. नीट शब्द वापरला तर निम्मं बोलणं वाचतं हो.

वजावट शब्द मला तरी फार आवडतो, अरबी वजाला आपला सजावट-बनावटचा प्रत्यय लावलाय आणि कोणाला जोड दिसत पण नाही.

कपात तर गुजरातमधे प्लॉटवाल्यांचा धसका आहे. टीपी स्कीम (सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून नव्याने प्लॉट पाडायची नगररचना योजना) आली की ‘केटली कपात गई’ हा पहिला प्रश्न. १९७६ चा टाउन प्लॅनिंगचा कायदा आहे त्यात रस्ते, बाग, शाळा-दवाखान्यासारख्या सोयी आणि प्राधिकरणाला विकायची जमीन असं धरून ४० टक्क्यांपर्यंत जमीन जाऊ शकते, म्हणजे ओरिजिनल प्लॉट १,००० चौरस मीटरचा असेल तर फायनल प्लॉट ६०० चा हातात येतो. मात्र रस्त्यावर येतो, चौकोनी होतो, म्हणून भाव चढतो. आमचे एक ओळखीचे गृहस्थ यात खूप वैतागले होते, त्यांना कोणी आधी नीट समजावलंच नव्हतं की कपात म्हणजे जप्ती नव्हे.

रावपुरेकर:
हिशेबनीस दादा, कपात-वजावटचा फरक मला पण आज कळला, थँक्यू. इंदूरच्या ताईंचं एकोणीसचं मला फार गमलं, आमच्या सासूबाई पावणेतीन-पावणेतीन पुटपुटत बसल्यात.

एक अजून राहिलं, घट. सोसायटीच्या पाण्याचा गुजराती अर्ज लिहिला होता तर लिहून देणाऱ्याने शेवटी ‘घटतुं करशो’ घातलं. मला ते वाचून वाटलं हे कमी करा सांगतोय, आणि आम्हाला तर पाणी वाढवून हवंय. तो म्हणाला ना ना, एनो अर्थ ‘योग्य ते करा’. हे पण वजासारखंच आहे का, एका धातूच्या दोन फांद्या?

लष्करकर_ग्वाल्हेर:
तवाज़ो करून घ्यायला बडोद्याला यावं लागणार आता. घटचं कोणी गुजराती जाणणारं सांगेल तर बरं.

मांडवीचा_वाचक:
मी सांगतो, इथे गोष्ट वजाच्या बरोबर उलटी आहे. वजा दिसायला दोन आणि मुळात एक. घट दिसायला एक आणि मुळात दोन.

संस्कृतात घट् धातू आहे, जुळणे, घडून येणे, शक्य होणे. त्यावरून घटना, घटक, घटित. जे जुळतं ते योग्य, म्हणून गुजरातीत ‘आ तमने घटतुं नथी’ म्हणजे हे तुम्हाला शोभत नाही. सरकारी पत्रातलं ‘घटतुं करशो’ आणि ‘घटती कार्यवाही’ म्हणजे उचित कारवाई. कमी होण्याशी याचा संबंध नाही, तुमचा अर्ज बरोबरच लिहिलाय.

कमी होणारा घट वेगळा. हे कसं ओळखायचं तर मराठीच्या उच्चारावरून. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ट मराठीत येईपर्यंत ड होतो. वटचा वड, कटुचं कडू, घटिकेची घडी, घटाचा घडा. त्याच नियमाने संस्कृत घट् चं मराठी घडणे झालं, मुलं घडतात, प्रसंग घडतो, सोनार दागिना घडवतो. पण प्राकृतात जिथे ट जोड होता, ट्ट, तिथे मराठीत ट टिकून राहिला, भट्टचा भट, पट्टचा पाट. आता भाव घटले, वजन घटलं यात ट शाबूत आहे. म्हणजे हा शब्द ट्ट वाल्या घट्ट धातूकडून आलाय, घडणेवाल्या धातूकडून नाही. हिंदीतला घटाना, गुजरातीतला घटाडो, मराठीतली घट, सगळे या दुसऱ्या घरचे. घटना, घटित असे शब्द मराठीत ट घेऊन दिसतात ते संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले आहेत म्हणून, लोकांच्या तोंडून झिजत आले असते तर त्यांचा पण ड झाला असता. नवरात्रातला घट सुद्धा तसाच उचललेला, त्याचा झिजलेला भाऊ म्हणजे माठाशेजारचा घडा.

सोनाराकडे ही दोन्ही घरं एकाच चिठ्ठीत भेटतात, वर घडणावळ लिहिलेली आणि खाली घट. एक घडवण्याची मजुरी, दुसरी गाळताना-घासताना गेलेलं सोनं. घडणावळ संस्कृत घट् ची, घट प्राकृत घट्ट ची.

गुजराती बाजू बघायची असेल तर गोंडलच्या महाराजांनी करवलेला भगवद्गोमंडल कोश आहे, ९ भागांत, १९४४ ते १९५५ मधे निघाला, आता ऑनलाइन पण मिळतो. त्यात घटवुं उघडा, दोन्ही अर्थ मिळतील.

इंदूरी_राजवाडा:
ड-ट चा नियम वहीत लिहून घेतला. काटकसरचं कोणी काढलंच नाही म्हणून मीच टाकते. कसर अरबी, मोडणं, तुटलेला तुकडा, त्यावरून अपूर्णांक आणि मग उणीव. त्याला आपली काट जोडली. हिंदीत कोर-कसर आहे पण काटकसर नाही, इथे किफ़ायत म्हणतात. गुजरातीत?

हिशेबनीस_अलकापुरी:
करकसर. बडोद्याच्या मराठी घरात दोन्ही चालतात, आजी काटकसर म्हणते, नातू करकसर म्हणतो, कसर दोघांकडे तीच.